पहाटे गायब की दुपारी गायब: शेतातला रेडिओ नोड वारंवार गप्प होतो तेव्हा

गड्ड्याचे दिवस, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा जानेवारी. सकाळचे सव्वासहा. फोनवर मोहोळकडच्या डाळिंब बागेचे मालक.

"मालक, तीन नंबरचा डबा परत गप्प बसलाय की तुमचा. आज ताण तोडायचाय. पाणी सोडू का नको?"

(ताण तोडणं म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेलं पाणी झाडांना पुन्हा सुरू करणं.) सोलापुरात आपण सगळेच एकमेकांचे मालक, त्यामुळे त्यात नक्की मालक कोण हे विचारू नका. मला लागला तो 'परत' हा शब्द. तो डबा मी त्याआधी तीनदा 'दुरुस्त' करून दिला होता. एकदा अँटेना बदलली, एकदा रेडिओ मॉड्यूलच नवीन घातलं, एकदा नुसतं सोल्डरिंग पुन्हा केलं. प्रत्येक वेळी आठवडाभर ठीक, मग पहाटे गायब. ज्यांचा नोड, म्हणजे मातीचा ओलावा मोजून रेडिओवरून कळवणारा असा डबा, घरी गुणी आणि शेतात हट्टी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मांडणी साधी आहे. अकरा नोड. प्रत्येकात ८ मेगाहर्ट्झवर चालणारा एटीमेगा ३२८पी प्रोसेसर, एसएक्स १२७६ चिप असलेलं आरएफएम ९५ हे लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) मॉड्यूल, मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर आणि ३.६ व्होल्टचा ईआर १४५०५ सेल. तासाला एकदा २० बाइट पाठवायचे आणि झोपायचं. फ्रिक्वेन्सी ८६६ मेगाहर्ट्झ, बँडविड्थ (सिग्नल व्यापतो तो पट्टा) १२५ किलोहर्ट्झ, एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर १०; तो जितका मोठा तितका सिग्नल लांब पोचतो, पण सावकाश. आपल्याकडे ८६५ ते ८६७ हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून ८६६. रिसीव्हर विहिरीवरच्या खोलीत, विजेवर.

आधी वही काढा

सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी रिसीव्हरची नोंद उघडा आणि नोड कोणत्या वेळी गायब होतो ते बघा. मी हे चौथ्या खेपेला केलं. पहिल्याच खेपेला केलं असतं तर तीन फेऱ्यांचं पेट्रोल वाचलं असतं.

तीन नंबर पहाटे चार ते सातच्या दरम्यान जायचा आणि ऊन चढलं की आपोआप परतायचा. अँटेना सैल असेल तर तिला पहाट कशी कळणार? थंडीत काय बिघडतं हा प्रश्न विचारल्यावर संशय रेडिओवरून उठून सेलवर गेला.

दुसरी खूण रिसीव्हरवरच्या सीआरसी चुकांची, म्हणजे पॅकेट धड आलं नाही हे सांगणाऱ्या तपासणी-आकड्याच्या चुकांची. ज्या तासाला तीन नंबरचं पॅकेट यायला हवं होतं, नेमक्या त्याच सुमाराला रिसीव्हर एक-दोन मोडकी पॅकेट नोंदवत होता. म्हणजे नोड बोलायला सुरुवात करत होता आणि वाक्य अर्धं टाकत होता. पूर्ण शांतता असती तर तपास दुसऱ्या दिशेला गेला असता. त्या दिशेलाही मी पुढे एप्रिलमध्ये गेलो, ते खाली येईल.

टेबलावर चालतो, बागेत का नाही

घरी आणलेला नोड मी टेबलावर ठेवायचो, सिरियल मॉनिटर बघायला यूएसबीचा अडॅप्टर लावायचो आणि तो रात्रभर एकही पॅकेट न चुकवता चालायचा. हसू नका, हे कळायला मला तीन फेऱ्या लागल्या: अडॅप्टरच्या वायरीतून बोर्डाला वीजही मिळत होती. सेलला काम उरलंच नव्हतं. मी तपासत होतो तो माझ्या लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट.

चौथ्या वेळी अडॅप्टरची वीज देणारी वायर काढली, फक्त डेटा आणि ग्राउंड ठेवले. (खरं तर डेटाच्या पिनमधूनही बोर्डात थोडी वीज झिरपते, म्हणून मधे एक हजार ओमचा रेझिस्टर घातला.) नोड रात्री फ्रिजमध्ये ठेवला, शेंगाचटणीच्या बरणीशेजारी. घरच्यांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. सकाळी काढल्या काढल्या सेलच्या दोन टोकांना स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावला, ट्रिगर उतरत्या कडेवर, एक मोठा चौकोन म्हणजे १०० मिलिसेकंद.

पडद्यावर दिसलं ते असं. रेषा ३.६ व्होल्टवर सपाट. रेडिओचा पॉवर अँप्लिफायर सुरू होताच ती खाडकन ३ व्होल्टवर आली. तिथून उतारावरून गाडी घरंगळावी तशी खाली सरकत राहिली आणि साधारण दोनशे मिलिसेकंदांनी २.७ ला टेकली. मग थोडा वेळ तिथेच, आणि अचानक उसळी मारून पुन्हा वर.

२.७ व्होल्ट हा माझ्या एटीमेगाचा ब्राउन-आउटचा उंबरठा. त्याखाली व्होल्टेज गेलं की प्रोसेसर रीसेट होतो. पण रेडिओ चिप तेवढ्यात थांबत नाही, ती आपलं पॅकेट पाठवतच राहते. थांबवतो तो आमचाच प्रोग्राम: प्रोसेसर उठतो, सुरुवातीचा कोड चालतो आणि त्यातली पहिली ओळ रेडिओला रीसेट करते. अर्धं पॅकेट हवेत तिथेच तुटतं. हीच ती सीआरसी चूक. वर माझा शहाणपणा असा की नोड उठला की 'मी सुरू झालो' असं पॅकेट लगेच पाठवायची सोय मी कौतुकाने करून ठेवली होती. ते पाठवताना पुन्हा व्होल्टेज कोसळणार, पुन्हा रीसेट. ऊन चढून सेल जरा तरतरीत होईपर्यंत हा बिचारा पहाटभर उठाबशा काढत होता.

स्कोप नसेल तरी चालेल. एटीमेगात एमसीयूएसआर नावाचं रजिस्टर आहे, त्यातला बीओआरएफ बिट ब्राउन-आउटने रीसेट झाला की लागतो. उठल्यावर तो वाचा आणि पुढच्या पॅकेटमध्ये एक बाइट त्याला द्या. एकच सावधगिरी: ऑप्टिबूट हा बूटलोडर (तुमच्या प्रोग्रामच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) हे रजिस्टर पुसतो आणि त्यातली किंमत आर२ रजिस्टरमध्ये ठेवून तुमच्या प्रोग्रामकडे येतो. ती तिथून उचलली नाही तर नेहमी शून्यच दिसेल आणि तुम्ही पॉवर सप्लायला निर्दोष सोडून द्याल.

शंभर मायक्रोफॅरडची दंतकथा

या टप्प्यावर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "कपॅसिटर टाक ना एक, शंभरचा." मीही टाकला होता. फरक शून्य.

हा सल्ला आला कुठून ते बघण्यासारखं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या एनआरएफ २४एल०१+ वर आपण सगळ्यांनी हात साफ केला. ती चिप पूर्ण पॉवरला ११.३ मिलीअँप घेते आणि १ मेगाबिटच्या वेगाने ३२ बाइटचं पॅकेट सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात पाठवून मोकळी होते. एवढा घास एकटा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही पुरवतो, व्होल्टेज फार तर ०.४ ने उतरतं. तिथे तो सल्ला सोळा आणे खरा होता.

लोराचं गणित वेगळं. एसएक्स १२७६ ही २० डीबीएमला (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) १२० मिलीअँप ओढते, आणि एसएफ १० वर २० बाइटचं पॅकेट हवेत राहतं ३७० मिलिसेकंद. गुणाकार करा: ४४ मिलिकूलंब. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या ओढीला एक व्होल्ट उतरायला एक मिलिसेकंदसुद्धा घेत नाही. उरलेले ३६९ मिलिसेकंद कोण देणार? सेलच. एकट्या कपॅसिटरवर, फक्त ०.४ व्होल्ट उतरू देऊन हे पॅकेट काढायचं तर ०.११ फॅरड लागतात, म्हणजे एक लाख दहा हजार मायक्रोफॅरड. तुमचा आणि माझा शंभरवाला म्हणजे लग्नाच्या पंगतीला एक भाकरी.

मग सुपरकपॅसिटर? हो, पण नाण्यासारखे चपटे, ५.५ व्होल्टचे मिळतात ते नकोत. घड्याळाच्या चिपला वीज गेल्यावर जिवंत ठेवण्यासाठी ते असतात आणि त्यांचा अंतर्गत रोध कित्येक दहा ओमांच्या घरात असतो. १२० मिलीअँप गुणिले ३० ओम म्हणजे ३.६ व्होल्ट, सगळं आतच गेलं. मी घेतले ते उभे, डब्यासारखे, २.७ व्होल्टचे १ फॅरडचे दोन, एकापुढे एक जोडून. मिळून अर्धा फॅरड, पूर्ण पॅकेटला एक दशांश व्होल्टही उतरत नाही. गळती काही मायक्रोअँपची आहे, ती मी मान्य केली.

हे रिकामे कपॅसिटर सेलला थेट जोडू नका, सेलच्या दृष्टीने तो शॉर्ट सर्किटच. पहिल्यांदा १०० ओममधून पाच मिनिटं भरू द्या, मग रेझिस्टर काढा.

सेलचा स्वभाव

ईआर १४५०५ हा लिथियम थायोनिल क्लोराइड जातीचा. वर्षानुवर्षं टिकतो, स्वतःहून फारसा उतरत नाही, म्हणून आपण तो निवडतो. तो टिकतो कशामुळे? आत लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याला झिजू देत नाही. मात्र अचानक मोठा करंट मागितला की हाच थर आडवा येतो. सेल जितका जुना पडून आणि जितक्या उष्ण जागी, तितका थर जाड. आता सांगा, पत्र्याच्या शेडखाली मे महिना काढलेला सेल कसा वागेल?

मल्टिमीटरवर हे कळत नाही. मीटर लावला की ३.६ दाखवणार, पडलेला असो वा ताजा. भाराखाली बघावं लागतं: ३३ ओमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर सेलला लावा, साधारण ११० मिलीअँप ओढले जातात, म्हणजे रेडिओच्या भुकेएवढेच. एकाच खोक्यातल्या तीन सेलना मी हे केलं. पहिला ३.२ वर थांबला. दुसरा २.९ वर. तिसरा आधी २.३ ला आपटला आणि दहा-बारा सेकंदांत डोळे चोळत उठल्यासारखा २.९ पर्यंत चढला. तो तिसरा म्हणजे थर धरलेला सेल. वर सांगितलेलं १०० ओममधून कपॅसिटर भरणं त्याच्यावरही उपचार करतं, एका दगडात दोन पक्षी.

तासाला एकदा बोलणाऱ्या नोडमध्ये हा थर पुन्हा फारसा जमत नाही. त्यामुळे तीन नंबरच्या रोजच्या पहाटेच्या दुखण्याला थर जबाबदार नव्हता. अर्धा वापरलेला सेल, त्यात थंडीने वाढलेला अंतर्गत रोध आणि मी मागितलेले १२० मिलीअँप, या तिघांनी मिळून तो २.७ च्या खाली ढकलला. थराचा त्रास नवीन सेल घातल्याच्या पहिल्या दिवशी होतो. दोन्ही लक्षणं सारखी दिसतात म्हणून वेगळं लिहिलं.

याच आकारात नावापुढे 'एम' लावलेला सेलही मिळतो. आतली गुंडाळी वेगळी, करंट जास्त देतो, क्षमता थोडी कमी. या बागेत आता अर्ध्या नोडमध्ये तोच आहे. आणि हे सेल चार्ज करायचे नसतात. सोलर पॅनल लावायचंच असेल तर ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घ्या. तो पूर्ण भरला तरी ३.६ व्होल्ट, एसएक्स १२७६ ला थेट चालतो. त्याला मोबाइलच्या बॅटरीचा ४.२ व्होल्टवाला चार्जर जोडू नका.

कोडमध्ये काय बदललं

सगळ्यात मोठा फायदा सगळ्यात स्वस्त बदलाने झाला: पॉवर कमी केली. २० डीबीएम मी का ठेवली होती? हौस. विहीर नोडपासून जेमतेम सहाशे मीटर. रिसीव्हरवर सिग्नल उणे १०४ डीबीएम येत होता आणि एसएफ १० ला चिपची संवेदनशीलता उणे १३२. अठ्ठावीस डेसिबल शिल्लक असताना मी पूर्ण ताकदीने ओरडत होतो. १४ वर आणल्यावर एकही पॅकेट कमी झालं नाही. ज्यांना जास्त हवी त्यांनी १७ वर थांबावं, तिथे करंट ८७ मिलीअँप. २० ला गेलातच तर दोन गोष्टी: रेडिओची ओव्हरकरंट मर्यादा मुळात १०० मिलीअँपला असते, ती वाढवली नाही तर चिप स्वतःच हात आखडते. आणि २० डीबीएम एक टक्का वेळेपेक्षा जास्त वापरायचं नसतं, चिपची डेटाशीटच (माहितीपत्रक) सांगते.

दुसरा बदल: ब्राउन-आउटने उठला असेल तर लगेच बोलायचं नाही. रेडिओ झोपवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग १० डीबीएमवर एकच पॅकेट. उठाबशा बंद.

तिसरा बदल रेडिओच्या झोपेचा. लोरात पॅकेट संपलं की एसएक्स १२७६ आपोआप स्टँडबायला येते, स्लीपला नाही. स्टँडबायला १.६ मिलीअँप, स्लीपला ०.२ मायक्रोअँप. झोपवायचं राहिलं तर २.४ अँपिअर-तासांचा सेल दोन महिन्यांत खलास. 'सेल बोगस निघाला' अशी तक्रार कानावर आली की मी आता आधी ही ओळ शोधतो.

मग उन्हाळा आला

फेब्रुवारीत ओढ्यापलीकडे दोन नोड वाढवले. त्यांचा सिग्नल काठावर येत होता. मी हुशारी केली: बँडविड्थ १२५ वरून ३१.२५ वर आणली, एसएफ ८ केला. बँडविड्थ चौपट अरुंद म्हणजे सहा डेसिबल फायदा, असं पुस्तकी गणित. रिसीव्हर एकच, म्हणून सगळे नोड त्याच सेटिंगवर.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच नोड दुपारी साडेबाराला जायला लागले आणि पाचला परत यायला. या वेळी पूर्ण शांतता. सीआरसीची एकही चूक नाही.

पहाट नाही, दुपार. अर्धं वाक्य नाही, शब्दच नाही. सेल गरम असताना उलट जास्त जोमात असतो. मग उष्णतेने काय सरकतं? क्रिस्टल, म्हणजे रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणारा स्फटिक.

रिसीव्हरवरची एसएक्स १२७६ आलेल्या प्रत्येक पॅकेटचा फ्रिक्वेन्सीतला फरक मोजून देते, हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) २८ पासूनच्या तीन रजिस्टरांत. बहुतेक जण तो वाचतच नाहीत. मी नोंदवायला लावला. सात नंबरचा फरक सकाळी सातला उणे १.८ किलोहर्ट्झ. दहाला उणे ४.९. बाराला उणे ७.३. मग शांतता. पाचला उणे ६.९, आणि संध्याकाळी हळूहळू मूळपदावर. लोरा रिसीव्हर साधारणपणे बँडविड्थच्या एक चतुर्थांशापर्यंत चुकारपणा सहन करतो. ३१.२५ चा चतुर्थांश ७.८ किलोहर्ट्झ, म्हणजे ८६६ मेगाहर्ट्झवर फक्त ९ पीपीएम (दशलक्षात नऊ भाग). काळ्या झाकणाचा डबा, त्यावर सोलापूरचं ऊन, आत टाकलेल्या थर्मामीटरने ६४ अंश दाखवले. साध्या क्रिस्टलने एवढ्यात ८ पीपीएम सरकणं यात त्याचा काहीच गुन्हा नाही. ६२.५ च्या खाली बँडविड्थ न्यायची तर तापमानाची भरपाई करणारा टीसीएक्सओ वापरा, असं डेटाशीट स्पष्ट सांगते. आरएफएम ९५ वर असतो साधा क्रिस्टल.

आणि माझी हुशारी मुळात फुकट होती. ३१.२५ वर एसएफ ८ आणि १२५ वर एसएफ १०, दोन्हीत एका सिंबॉलचा (लोराच्या एका 'अक्षराचा') वेळ तंतोतंत सारखा, ८.१९२ मिलिसेकंद. संवेदनशीलतेत फरक जेमतेम एक डेसिबल. हवेतला वेळ उलट जास्त, ३७० च्या जागी ४१० मिलिसेकंद. एका डेसिबलसाठी मी उन्हाळ्याची दुपार विकली होती. १२५ आणि एसएफ १० वर परत आलो, आता ३६ पीपीएमपर्यंत मोकळं रान आहे. ओढ्यापलीकडचे नोड बांबूवर दोन मीटर उंच केले, तेवढ्याने काम झालं. झाकणांना पांढरा रंग दिला.

बाकीचं भरभर

नोड सुरुवातीपासूनच मुका असेल तर पत्ता हेक्स ४२ वरचं रजिस्टर वाचा. एसएक्स १२७६ असेल तर हेक्स १२ यायला हवं. शून्य किंवा एफएफ आलं तर एसपीआयच्या, म्हणजे प्रोसेसर आणि रेडिओ जोडणाऱ्या वायरी बघा. बरोबर आलं म्हणजे वायरी ठीक आहेत, एवढंच. अँटेनाबद्दल ते काही सांगत नाही.

८६६ ला पाव तरंगाची तार सुमारे ८.२ ते ८.६ सेंटीमीटर. किटसोबत येणारी बरीचशी १७ सेंटीमीटरवाली अँटेना ४३३ ची असते. अँटेना लोखंडी पाइपाला चिकटवू नका, डाळिंबाच्या आधाराच्या तारेलाही नाही.

लायब्ररीच्या उदाहरणांत फ्रिक्वेन्सी ९१५ लिहिलेली असते. ती आधी बदला. ती आपल्याकडच्या परवान्याशिवाय वापरायच्या पट्ट्यात येत नाही.

पावसानंतर गायब होणारा नोड उघडला तर अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी निघतं. दर वेळी.

चार नंबर

एवढं सगळं झाल्यावरही चार नंबर कधीही जायचा. पहाट नाही, दुपार नाही, पाऊस नाही. ब्राउन-आउटचा बिट कोरा, फ्रिक्वेन्सीचा फरक सरळ. सिग्नल मात्र एका तासात तीस डेसिबल पडायचा आणि मी जाऊन डबा उघडून बंद केला की सुधारायचा. मी दोन रविवार त्याच्यासमोर बसून काढले.

शेवटी बागेच्या मालकांनीच त्यांची फवारणीची वही माझ्या नोंदीशेजारी आणून ठेवली. तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारलेल्या तारखा आणि चार नंबर गेलेल्या तारखा, एकाखाली एक. त्या ओळीच्या टोकाला फवारणीचा पाइप वळवताना तो बरोबर अँटेनावर आदळायचा, आणि आतल्या बोर्डावरचं बारीक कनेक्टर अर्धं निसटायचं. डबा उघडताना माझ्याच हाताने ते दाबलं जायचं.

"डबा ओळीच्या अलीकडं दोन झाडं घ्या की मालक," ते म्हणाले. घेतला.